तिकीट खिडकी नसलेलं स्टेशन

केळुसकर काका कुणालाही "गाव कुठलं?" असं विचारत नसत. "स्टेशन कुठलं?" असं विचारत. पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाने बूटही काढलेले नसत, हातातला शिऱ्याचा डबा नलूकाकूंना दिलेला नसे, आणि काका दारातच उभे. समोरचा "पुणे" म्हणाला की त्यांचा चेहरा पडायचा.

"पुणे चालू आहे. मिरज चालू आहे. नागपूर तर कधीचं चालू आहे. दुसरं काही नाही का?"

चालू आहे म्हणजे बेसमेंटमध्ये बांधकाम चालू आहे. काकांचं घर अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला होतं. ऐंशीच्या दशकात तिथे घोडे जास्त आणि देशी माणसं कमी होती. त्या घराच्या बेसमेंटमध्ये प्लायवुडची लांबच लांब टेबलं होती आणि त्यांवर पुठ्ठ्याची आणि हलक्या लाकडाची वीतभर उंचीची स्टेशनं होती. गाडी मात्र एकही नव्हती. विचारलं तर म्हणायचे, "गाडी काय, दुकानात मिळते. मिरजेची वेटिंग रूम मिळते का?"

ही स्टेशनं ते नकाशावरून किंवा फोटोवरून बांधत नसत. आलेल्या माणसाच्या आठवणीवरून बांधत. "खिडकी तुझ्या छातीला लागायची की हनुवटीला? तेव्हा किती वर्षांचा होतास? सात? मग पाऊण करा." लहानपणी पाहिलेलं सगळं मोठं आठवतं, असा त्यांचा सिद्धांत होता. "बारा वर्षांच्या आतली आठवण पाऊणपट धरायची. लग्नानंतरची जशीच्या तशी."

"आणि लग्नाच्या आधीची दुप्पट," नलूकाकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

एकदा माणसाचं स्टेशन ठरलं की त्याचं नाव गेलं. "अहो मिरज, चटणी घ्या." "नागपूर, तुमच्या गाडीचे दिवे चालू राहिलेत." नागपूर म्हणजे डॉक्टर देशमुख. ते नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, शुगर लँडला गेले, तरी दर रविवारी सकाळी काकांचा त्यांना फोन ठरलेला.

"नागपूर, पोर्चचे खांब गोल की चौकोनी?"

देशमुखांचा आवाज रिसीव्हरबाहेर ऐकू यायचा. "केळुसकर, अहो पाच वर्षं झाली, तुमचे खांब अजून उभे नाहीत? मी हॉस्पिटलला निघालोय!"

"मग वाटेत आठवा. पुढच्या रविवारी करतो."

मी तेव्हा अटलांटाला एम.एस. करायला आलो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिवणकाम करायचे. माझ्या रूममेटने मला गणपतीला काकांकडे नेलं, तेव्हा देश सोडून मला तीन आठवडे झाले होते आणि तीन आठवड्यांत वरण पाहिलं नव्हतं.

"स्टेशन कुठलं?"

खरं उत्तर असं होतं की मी आयुष्यात रेल्वेत बसलोच नव्हतो. गावाहून औरंगाबादला एसटी, औरंगाबादहून मुंबईला एसटी, तिथून ओळखीच्या माणसाच्या स्कूटरवर विमानतळ. पण खोलीत पंधरा-वीस माणसं होती, सगळी मोठमोठ्या स्टेशनांची. मला वाटलं, हे सांगितलं तर हसतील. गावापासून बारा कोसांवर कासारखेड रोड नावाचं स्टेशन आहे, असं मास्तरांकडून ऐकलं होतं. मी तेच नाव सांगितलं.

काकांचे डोळे चमकले. "छोटं स्टेशन! शाब्बास. मोठं कुणीही सांगतं. इमारत कशी?"

आता काय सांगायचं? मला एकच सरकारी इमारत नीट माहीत होती, ती म्हणजे आमची शाळा. मी तीच सांगायला लागलो. दोन खोल्या. वर कौलं. पुढे व्हरांडा, दोन पायऱ्या. समोर कडुलिंबाचं झाड, त्याला चौथरा.

"घंटा?"

"रुळाचा तुकडा. झाडाला टांगलेला."

"बघा!" काका सगळ्यांकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात आठवण. बरं, व्हरांड्यात बसलं की समोर काय दिसायचं?"

"मैदान. आणि मारुतीचं देऊळ."

"आणि रूळ?"

"रूळ... मागे."

काकांनी मला नीट न्याहाळलं. "तिकीट खिडकी?"

"आठवत नाही."

"म्हणजे विनातिकीट हिंडायचास काय रे?" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून मी कासारखेड झालो. "कासारखेड, लाजू नकोस, भात घे." प्रत्येक घासाला माझं खोटं मलाच वाढलं जात होतं.

शनिवारी काका मला त्यांच्या आगगाडीवर घेऊन जायला लागले. उत्तरेकडच्या डोंगरात काही हौशी मंडळींनी कोळशावर चालणारं एक जुनं इंजिन जिवंत ठेवलं होतं. तीन डबे घेऊन ते सात मैल जायचं आणि परत यायचं. सोमवार ते शुक्रवार पुलांचे आराखडे करणारे काका शनिवारी निळी डंगरी घालून तिथे फुकट राबायचे. इंजिनाची राख काढायची, सांध्यांना तेल द्यायचं, डब्यात तिकिटं पंच करायची. इंजिन चालवायचा अर्ल. हा रेल्वेतून निवृत्त झालेला धिप्पाड म्हातारा काकांना "केली" म्हणायचा आणि वाफ सोडायच्या रेग्युलेटरला हात लावू द्यायचा नाही.

"इकडे येऊन डॉक्टरेट केली आणि राख उपसतात," नलूकाकू म्हणायच्या. "घरी चहा गाळला तर चोथा सिंकमध्ये तसाच."

आयुष्यातला पहिला रेल्वेप्रवास मी तिथे केला. शिट्टी वाजली तेव्हा दचकून मी पुढच्या बाईंची हॅट पाडली. सात मैल संपत आले तशी मला वेगळीच काळजी लागली. मी काकांना विचारलं, "काका, पुढे एवढी मोठी गाडी वळवायला जागा आहे ना?"

तिकीट पंच करता करता काका थांबले. मग शांतपणे म्हणाले, "गाडी वळत नाही. इंजिन सुटतं आणि दुसऱ्या टोकाला लागतं." आणि ते पुढच्या बाकाकडे गेले.

इतक्या वेळा एसटीच्या ड्रायव्हरला स्टँडात गाडी वळवताना बघितलं होतं, तेच तोंडातून गेलं. आता हे हाकलणार, असं वाटलं. तसं झालं असतं तर त्या देशात मला मराठीत रागावणारं दुसरं घर नव्हतं. पण पुढच्या शनिवारी सकाळी माझ्या दाराशी परत त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

डिसेंबरात त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलाच्या कडेला माझी शाळा उभी होती. दोन खोल्या, कौलं, पायऱ्या. लिंबाला काडीएवढा रुळाचा तुकडा टांगला होता. डावीकडच्या खोलीची खिडकी मी नंतर कधीतरी सांगितली होती तशीच, एक गज कमी. मागच्या बाजूने, इमारतीच्या पाठीला लागून, रूळ गेले होते. शेजारी स्टेशनाची पिवळी पाटी होती, पण तिच्यावर नाव नव्हतं. पाणी पिऊन येतो असं सांगून मी वर गेलो.

नलूकाकू भांडी पुसत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काकू, खालचं एकही स्टेशन पूर्ण कसं नाही?"

"एक आहे. जिन्याखाली. बघितलं नाहीस?"

काकू सांगू लागल्या. ते अर्लच्या गाडीचंच स्टेशन होतं. त्यांची मुलगी मीनल सहा वर्षांची असताना काकांनी तिलाही स्टेशन विचारलं, तेव्हा तिने ते सांगितलं होतं. ती दर शनिवारी काकांबरोबर जायची. रोज शाळेतून आली की बेसमेंटमध्ये उतरून काय चुकलंय ते सांगायची. सहा वर्षं ते काम चाललं. घड्याळ झालं, बाक झाले, तिकीट खिडकी उघडझाप करू लागली.

"मग एक दिवस ती म्हणाली, डॅड, इट्स डन. इट्स परफेक्ट." काकूंनी ताट फडताळात ठेवलं. "त्यानंतर खाली उतरली नाही. आता कॅलिफोर्नियात आहे. दिवाळीला फोन येतो. ह्यांनी तेव्हापासून एकही पूर्ण केलेलं नाही. पूर्ण झालं की माणसं बघतात, वा वा म्हणतात, आणि जातात."

मी परत खाली गेलो. जिन्याखालच्या स्टेशनावर धूळ नव्हती. काका टेबलाशी पाठमोरे बसून कौलांना रंग देत होते.

"काका," मी म्हणालो, "हे कासारखेड नाही. मी कासारखेड पाहिलेलंच नाही. ही आमची शाळा आहे."

"माहीत आहे."

"गाडी वळवायचं विचारलं तेव्हा कळलं?"

"त्याच्या आधी." त्यांनी मान वर केली नाही. "रुळांकडे पाठ केलेलं स्टेशन सरकार बांधत नाही रे. आणि तिकीट खिडकी नाही! विनातिकीट कुठे सोडतात, तर शाळेत."

"मग बांधलंत कशाला?"

काकांनी कुंचला पाण्यात बुडवला आणि ढवळला.

"गाव कुठलं तुझं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी पेन्सिलीने ते पिवळ्या पाटीवर बारीक अक्षरात लिहिलं. रंग भरला नाही. मग नेहमीच्या खडूस आवाजात म्हणाले, "आता खरं सांग. त्या चौथऱ्याला गिलावा होता की नुसते दगड?"

चार वर्षं दर शनिवारी तो चौथरा झाडायची माझी पाळी होती. कुठला दगड हलतो तेही मला माहीत होतं.

"आठवत नाही, काका," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी आठवून सांगतो."

"सावकाश," काका म्हणाले आणि त्यांनी रंगाच्या डबीला झाकण लावलं.