चौथ्या रिळातला हात

पडद्यावर खलनायकानं तलवार उपसली की आमच्या टॉकीजमध्ये अचानक अंधार व्हायचा. लोक बोंबलायचे, "ए ऑपरेटर, झोपला काय बे?" ऑपरेटर, म्हणजे आमचे श्रावणकाकाजी, झोपलेले नसायचे. त्यांनी प्रोजेक्टरच्या भिंगासमोर आपला पंजा धरलेला असायचा. केबिनच्या झरोक्यातून हॉलमध्ये लहान पोट्टे दिसले की ते हे करायचेच. आवाज चालू, चित्र बंद. मारामारी संपली की हात बाजूला. मालकानं किती वेळा झापलं, पण पंजा काही सुधारला नाही.

बाबा कुहीकडची धानकापणी सोडून नागपुरात हमालीला आले, तेव्हा आम्ही पाचजण टिनाच्या एका खोलीत राहायचो. वीज नव्हती. काकाजी शेजारी राहायचे, एकटेच. ते मला केबिनमध्ये न्यायचे आणि टेबलावरच्या दिव्याखाली अभ्यासाला बसवायचे. आमच्या खानदानातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम. झालो तो नायिकेचं रडणं ऐकत ऐकत, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

टॉकीज कधीच बंद पडली. काकाजी मात्र अजूनही रिळांतच मोजतात. लग्नात पंगतीला उशीर झाला तर म्हणतात, "आता कुठं दुसरं रीळ चालू आहे, बस." आणि काहीही पुढं ठेवा, एकच प्रश्न: "फोकस बराबर आहे काय?" चहाला हेच, माझ्या नव्या चष्म्यालाही हेच. माझ्या बायकोनं, मीनानं, एकदा पुरणपोळी वाढली तर ताट थोडं मागं सरकवून डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "हाव, आता बराबर."

तर गेल्या महिन्यात आमच्या घरात पेच पडला. मुलगी प्रज्ञा तेरा वर्षांची, काकाजींना आबाजी म्हणणारी. राजानं छळलेल्या एका भक्ताचा सिनेमा लागला होता आणि तिचा सगळा वर्ग पाहून आला होता. डब्याच्या सुट्टीत दुसरा विषय नाही. ही एकटी गप्प बसायची. मीना म्हणाली, "रक्तच रक्त आहे म्हणतात. नाही म्हणजे नाही." समोरच्या वहिनी म्हणाल्या, "अवं, देवाधर्माचा आहे, संस्कार होतील." मी शिकलेला माणूस, म्हणून परीक्षणं वाचली. एकात लिहिलं होतं भक्तीचा सोहळा, दुसऱ्यात कसाईखाना. प्रमाणपत्र म्हणत होतं, पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा. आता मार्गदर्शन शोधायला तर पालकच निघाले होते!

"थांब गा," काकाजी म्हणाले, "मी पाहून येतो."

दोनदा पाहून आले. सोबत शाळकरी वही. सोफ्यावर बसले, वही उघडली आणि वाचायला लागले: "रीळ दुसरं, चार मिनिटं, हात. रीळ चौथं, अकरा मिनिटं, हात. मोठा."

"पण त्यात दाखवतात काय?" मीनानं विचारलं.

"वाईट."

"म्हणजे किती वाईट?"

"हात ठेवण्याइतकं वाईट, सूनबाई."

प्रज्ञानं वही ओढून घेतली, पानं उलटली. सगळीकडे वेळ, आणि पुढं फक्त ‘हात’. "आबाजी, चौथ्या रिळात होते काय पण? त्याले मारते का?"

काकाजींनी गळ्यातल्या चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली. सोडली. पुन्हा गुंडाळली.

"मले काय मालूम वं? मी डोये मिटूनच होतो."

मीनानं वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"मग वेळ कशी लिहिली?"

"ढोल वाढले की मिटतो. लोकं पुन्हा पॉपकॉर्न खायले लागले की उघडतो."

मला हसू आलं, पण निम्म्यातच थांबलं. "काकाजी, आणि केबिनमध्ये?"

"तवा बी मिटूनच. हात तुमा पोट्ट्यायसाठी होता गा, खोटं नाही सांगत. पण अर्धा माह्यासाठी."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. रामटेकच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. देवाचा आहे म्हणून बापानं लहानग्या काकाजींना कौतुकानं खांद्यावर बसवून नेलं. पडद्यावर राक्षसाचं पोट फाडलं तसं हे पोरगं किंचाळलं. "सारा तंबू हासला. बाप बी हासला. डोयावर हात कोणीच नाही ठेवला."

"मग त्याच लाइनीत काहून गेले तुमी?" प्रज्ञानं विचारलं.

"कोणीतरी पाहिजे ना वं, हात ठेवाले."

मग प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, मी आबाजीच्या बाजूले बसतो. नाही पाहवलं तर उठून येऊ आपण." मीनानं माझ्याकडे पाहिलं, मग काकाजींकडे. "आबाजी येत असतील तर चालते," म्हणाली.

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही चौघं गेलो. काकाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुसऱ्या रिळाला त्यांचा पंजा प्रज्ञाच्या डोळ्यांसमोर गेला, तिनं तो राहू दिला. चौथ्या रिळात ढोल वाढले, पंजा पुन्हा उठला. या वेळी तिनं तो धरून हळूच खाली ठेवला आणि आपला हात त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.

"मी सांगतो तुमाले," ती कुजबुजली. "आता कोडा आणला... मारून राहिले... पडला तो, आबाजी." तिचा आवाज चिरकला होता. मी उठायच्या बेतात होतो, मीनानं माझा गुडघा दाबला. "आता त्याची माय आली. तोंड पुसून राहिली त्याचं. पदरानं."

काकाजींनी तिच्या हाताची दोन बोटं फाकवली.

प्रज्ञानं सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. चौथं रीळ काकाजींनीही पाहिलं, तेवढ्या फटीतून, एकाहत्तराव्या वर्षी.