ऐन थंडीतले साप

मामांच्या वहीप्रमाणे सगळ्यात जास्त साप ऐन कडाक्याच्या थंडीत निघत. थंडीत साप बिळात गप्प पडून असतो, असं जगातली सगळी पुस्तकं सांगत होती. पण पुस्तकं लिहिणारे या गल्लीत कुठे राहायला आले होते?

मामा चौतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडून निवृत्त झाले होते. गल्ली संपली की माळ होता, माळावर झुडपं आणि झुडपांत साप. साप दिसला की मामांच्या स्वयंपाकघरात येऊन सांगायचं, हा गल्लीचा शिरस्ता पडून गेला होता. मामा आधी समास आखत, मग चष्मा पुसत, मग "हं, सावकाश बोला" म्हणत आणि तारीख, जागा, रंग, लांबी लिहून घेत. सहा वर्षांत थंडीतले त्रेचाळीस साप भरले. मामांनी तक्ता करून निसर्ग मंडळाला पाठवला. मंडळाचं उत्तर आलं की आमच्या संशोधक बाई येऊन बघतील. खरं निघालं तर त्रैमासिकात तुमच्या नावाने छापू.

'तुमच्या नावाने' हे शब्द मामांनी चारदा वाचले. जन्मभर दुसऱ्यांची नावं वाचून डोळे गेले बिचाऱ्यांचे. आपलं नाव एकदा तरी छापलेलं बघावं, एवढीच हौस उरली होती.

बाई आल्या त्या नेमक्या गारठ्याच्या आठवड्यात. दोन दिवस माळ पालथा घातला, साप सोडाच, कातही मिळाली नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्या टेबलाशी हात चोळत बसल्या होत्या, तेवढ्यात गल्लीतला प्लंबर आत आला आणि खुर्ची ओढून बसला.

"मामा, लिहा. पंपाच्या खोलीमागे, दुपारी तीन वाजता. काळपट, मीटरभर."

मामांनी विजयाने बाईंकडे पाहिलं.

"दोन ते चार मी तिथेच बसले होते," बाई म्हणाल्या.

"मग तुम्हालाच बघून पळाला असेल."

"तुम्हीही दिसला नाहीत मला."

प्लंबर समोरच्या कपात बघत राहिला. मामींनी तो कप आत्ताच ठेवला होता आणि त्यातून आल्याची वाफ निघत होती.

"मामा, आता काय लपवायचं तुमच्यापासून," तो म्हणाला. "या थंडीत हातात पाना धरवत नाही. मामींचा चहा प्यायला की जिवात जीव येतो. पण रोज उठून फुकटचा चहा प्यायला कोणत्या तोंडाने यायचं? साप असला म्हणजे कसं, कामाने आल्यासारखं वाटतं."

"आणि उन्हाळ्यातले?" मामांचा आवाज खोल गेला.

"ते खरे हो. उकाड्यात गरम चहा प्यायला कोण मरायला येतंय?"

मामांनी शिंप्याला बोलावणं धाडलं. तो येता येता हात शेकतच आला. "माझे नऊ खोटे," त्याने कबूल केलं, "पण मापात फसवाफसवी नाही. सव्वा मीटर सांगितला तो सव्वाच धरला होता मी मनात." तासाभरात सगळी गल्ली येऊन आपापले साप परत घेऊन गेली, आणि जाताना चहाही पिऊन गेली. मामा पट्टी लावून एकेक नोंद खोडत होते. त्यांचा चेहरा इतका पडला होता की शिंप्याने दुसरा कप अर्धाच घेतला.

सगळे गेल्यावर वहीत थंडीतली एकच नोंद उरली.

"ही कुणाची?" बाईंनी विचारलं.

"आमच्या हिची." मामा ताठ बसले. "मागच्या थंडीत, लाकडांच्या ढिगाजवळ. हिने जन्मात कधी थाप मारलेली नाही."

बाईंनी नोंद दोनदा वाचली. "या कडाक्यात एक साप म्हणजे सुद्धा मोठीच गोष्ट आहे. एवढ्यावर छापता येईल, मामा. तुमच्या नावाने."

मामांचा चेहरा असा उजळला की बाईंनाही हसू आलं. चुलीपाशी मामी मात्र पदराने एकच कप पुसत राहिल्या होत्या.

"छापू नका," त्या म्हणाल्या. "नव्हता साप."

मामा बघतच राहिले. "अगं, तूसुद्धा? तुला कशाला हवं होतं कारण? चहा तर तूच करतेस."

"चहासाठी नाही." मामींनी कप खाली ठेवला. "प्लंबर आला की त्याला 'सावकाश बोला' म्हणता. शिंपी आला की चष्मा पुसून त्याच्या तोंडाकडे बघत बसता. मी काही सांगायला आले की 'हं हं' करत वहीत डोकं. म्हटलं, एकदा आपणही साप बघावा."

बाई हळूच उठल्या आणि माळावर एक चक्कर मारून येते म्हणाल्या. माळावर काही मिळणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

मामांनी पट्टी घेतली, ती शेवटची नोंदही नीट सरळ रेघ मारून खोडली. थंडीचा सगळा तक्ता आता पुस्तकात असतो तसाच कोरा झाला, आणि छापण्यासारखं काही उरलं नाही. मग मामांनी नवं पान उघडलं, समास आखला आणि समोरची खुर्ची मामींसाठी ओढली.

"आज काही दिसलं का?"

मामी बसल्या. पदर सारखा केला, जरा आठवल्यासारखं केलं.

"अजगर," त्या म्हणाल्या. "चांगला लांबलचक आहे. शेपटीपासून सांगते."