फोटो बरा आहे, धीर धरा

"आपल्या काराकोल गावात डोळे असलेली माणसं पुष्कळ आहेत, पण बघणारा माणूस एकच," असं तेमिरकुल स्वतःविषयी सांगायचे, आणि कोणी विचारलेलं नसताना सांगायचे. बावन्न वर्षांचे, पोट सुटलेले, डोक्यावर लोकरीच्या नमद्याची पांढरी उंच टोपी. स्टुडिओच्या पाटीवर 'लग्न-साखरपुड्याचे छायाचित्रकार' या ओळीखाली त्यांनी 'व गुप्तहेर' असं लाल रंगात लिहून घेतलं होतं. त्यामुळे गुप्त काही उरलं नव्हतं, ते सोडा. आजवर तीन प्रकरणं त्यांनी हाताळली होती. पहिल्यात हरवलेली मेंढी आपली आपण घरी आली, दुसऱ्यात संशय शेवटी त्यांच्यावरच आला आणि तिसरा शोध अजून चालू होता. तो त्यांच्या स्वतःच्या चष्म्याचा होता.

सगळं गाव त्यांना 'बाइके' म्हणजे थोरला भाऊ म्हणायचं, म्हणून बुरुलचाही म्हणायची. बुरुलचा त्यांची मदतनीस. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवून झाल्यावर ती आता प्रकाश परतवणारा चंदेरी पत्रा धरून उभी राहायची. 'गणितात जे कमावलं ते पत्र्यात घालवलं,' असं ती स्वतःच हसून सांगे.

पण या शनिवारी तिला हसू येत नव्हतं. मागच्या रविवारी तिच्या मुलीचा, आयझिरेकचा साखरपुडा झाला होता. होणाऱ्या सासूने, कालीपाने, रीतीप्रमाणे मुलीच्या कानात चांदीची कानातली घातली, होणाऱ्या नवऱ्याने, उलानने, लाल गुलाब दिले, सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं झालं. फोटो अर्थातच बाइकेंनी काढले. त्यातला सर्वांत देखणा फोटो मोठा करून, चौकटीत घालून मंगळवारी कालीपाच्या घरी पोचता केला. गुरुवारी कालीपा लग्नाची तारीख ठरवायला येणार होती. ती आलीच नाही. फोन केला तर उचलेना. उलान आयझिरेकला एवढंच म्हणाला, "आई चिडलीय. कारण विचारू नकोस, मला लाज वाटते." पोरगी दोन दिवस जेवली नव्हती.

"बाइके, लग्न मोडतंय की काय हो?" बुरुलचाने विचारलं.

"लग्नाचं नंतर बघू. त्याहून मोठं प्रकरण आहे," बाइके म्हणाले आणि त्यांनी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला.

गावाजवळच्या सरोवराकाठच्या छायाचित्रकारांचं एक मंडळ होतं. दर बुधवारी प्रत्येकाने एक फोटो मोबाइलवर टाकायचा आणि बाकीच्यांनी त्याची सालं काढायची, हा नियम. तिथे कोणी कोणाची भीड ठेवत नसे. ड्रोनवाला मार्लेन तर एकदा बाइकेंना म्हणाला होता, 'तुमच्या फोटोत नवरीपेक्षा समोसे जास्त स्पष्ट आहेत.' असल्या मंडळात बाइकेंनी आयझिरेकचा तोच फोटो टाकला होता आणि चार दिवसांत आल्या होत्या फक्त तीन ओळी.

मार्लेन: 'प्रकाश बरा आहे. घरी सगळं ठीक ना?'

म्हातारे जुमाबेक: 'फोटो बरा आहे. धीर धरा.'

तिसऱ्याने काहीतरी लिहून पुसून टाकलं होतं.

"दिसलं?" बाइकेंचे डोळे बारीक झाले. "मार्लेन मला 'बरा' म्हणतो! हा कट आहे, बुरुल. 'घरी सगळं ठीक ना' ही सरळ सरळ धमकी आहे. आणि 'धीर धरा' म्हणजे पुढचा वार यायचाय."

"म्हातारे जुमाबेक वार करणार? त्यांना चहाचा पेला धरवत नाही."

"तेच! संशय येऊ नये म्हणूनच निवडलाय त्यांना."

बुरुलचाने कपाळाला हात लावला. तरी ती त्यांच्याबरोबर निघाली, कारण घरी बसून पोरीचं तोंड बघवत नव्हतं.

बाजारात मार्लेन अश्लान-फूच्या टपरीवर आंबट-तिखट थंड शेवया ओरपत होता. बाइकेंनी टोपी नाकापर्यंत ओढली आणि गाजरांच्या ढिगाआडून पाळत सुरू केली. पहिल्या पाच मिनिटांत सात जणांनी 'सलाम, तेमिरकुलबाइके' म्हटलं, आणि आठवा मार्लेनच होता. त्याने वाडगा खाली ठेवला, येऊन बाइकेंना कवेत घेतलं आणि त्यांची पाठ थोपटली.

"काही लागलं तर सांगा, बाइके," तो हळूच म्हणाला, बुरुलचाकडे एकदा बघितलं, नजर खाली केली आणि शेवया तशाच टाकून निघून गेला.

"विषारी मिठी!" बाइके पुटपुटले. "मात्र आता माझं मत बदललं. हा नुसता हस्तक आहे. फोटोतच काहीतरी घातपात आहे आणि तो फोटोत आला कुठून? पार्श्वभूमी माझी, प्रकाश तुझा, मुलगी घरची. बाहेरून आलेली वस्तू एकच, गुलाब! फुलवाली फितूर आहे!"

फुलवाली साबिराताई बाजाराच्या दारातच बसायची. बाइके तिच्यासमोर असे उभे राहिले की तिच्या फुलांवरचं ऊन अडलं.

"रविवारी उलानला गुलाब तुम्हीच विकलेत?"

"विकले. सरका बघू, बाइके, फुलं काळवंडतात."

"कोणी पैसे चारले होते? फुलं नासकी होती?"

"नासकी तुमची जीभ! आणा इकडे तो फोटो."

साबिराताईने मोबाइल हातात घेतला. आधी हसली. मग ओठ हलवत बोटाने काहीतरी मोजू लागली. मग हात भाजावा तसा तिने मोबाइल परत केला.

"हे माझे नाहीत. मी अकरा दिले होते. ह्यात दहा आहेत."

"मग? एखादा गळला असेल."

"बाइके, तुम्ही लहान आहात का? सम आकड्यात फुलं कुठे नेतात? कबरीवर! जिवंत माणसाला विषम द्यायची, हे शेंबडं पोर सांगेल. साखरपुड्याच्या पोरीच्या हातात दहा गुलाब! असा फोटो बघून मंडळी काय बोलणार तुम्हाला? विचारायची तरी सोय आहे का कोणाला, की बाबा, मुलगी जिवंत आहे ना?"

बुरुलचा फुलांच्या बादलीच्या काठावर टेकली. अकरावा गुलाब कुठे गेला, हे तिला पक्कं माहीत होतं. सोमवारी संगणकापुढे बसून तीच तर म्हणाली होती, "बाइके, हा मधला गुलाब कानातल्यावर आलाय. काढून टाका ना. सासूने घातलेलं दिसलं नाही तर वाईट वाटेल त्यांना." आणि बाइकेंनी तो इतक्या सफाईने पुसला होता की दोघांनी मिळून स्वतःचंच कौतुक केलं होतं. बावीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला अकरातून एक गेल्यावर किती उरतात, हे सुचलं नव्हतं. तिला रडूही आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली.

बाइकेंनी नाकापर्यंत ओढलेली टोपी वर सारली. "बुरुल," ते म्हणाले, "गुन्हेगार सापडलाय. स्टुडिओच्या पाटीवर त्याचं नाव आहे."

दोघं तडक कालीपाच्या घरी गेली. दार कालीपानेच उघडलं आणि बुरुलचाला बघताच तिने डोळ्यांना पदर लावावा तसा रुमाल लावला.

"विहीणबाई, तोंड दाखवायला जागा नाही ठेवली हो माझ्या कार्ट्याने! दहा गुलाब आणले मेल्याने! तीन दिवस धुतेय त्याला. म्हणतो, अकराच होते. तुमच्याकडेच शिकला ना गणित? आणि अकरा मोजता येईना! कोणत्या तोंडाने तारीख मागायला येऊ?"

मागे कोपऱ्यात उलान खाली मान घालून उभा होता. दोष त्याच्यावरच राहू देणं किती सोपं होतं. पण बाइकेंनी टोपी काढली. लोकांनी त्यांचं टक्कल क्वचितच पाहिलेलं होतं.

"पोराला सोडा, कालीपाताई. त्याने अकराच आणले. एक मी खाल्ला, संगणकावर. मीच गाढव."

"आणि मी सांगितलं म्हणून खाल्ला," बुरुलचा म्हणाली. "तुमचं कानातलं दिसावं म्हणून."

कालीपा एकदा ह्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. मग मटकन बसून इतकी हसली की शेजारीण डोकावली. उलानला बिचाऱ्याला वाटलं, आता आईचं काही खरं नाही. अर्ध्या तासात चहा आला, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांची, बोरसोकांची परात आली आणि लग्नाची तारीख ठरली. बुरुलचाने फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून आयझिरेकने आधी विचारलं, "आई, घरी येताना खायला काय आणतेस?"

तिथेच, बोरसोक चावत, बाइकेंनी मूळ फोटो शोधला, अकराच्या अकरा गुलाबांचा, आणि खाली सगळी कबुली लिहून तो मंडळात टाकला. बघता बघता मोबाइल किणकिणू लागला. जुमाबेकांनी लिहिलं, 'चार दिवस झोप नव्हती रे, सोद्या!' मंडळ पुन्हा ताळ्यावर आलं म्हणून बाइकेंचा ऊर भरून आला. मग मार्लेनची ओळ आली. बाइकेंनी ती मोठ्याने वाचली:

'देव पावला. आता खरं सांगतो, फोटो ठीकठाकच आहे. एक गुलाब कानातल्यावर आलाय. तेवढा पुसून टाका.'

बाइकेंचं बोट सवयीने पडद्याकडे गेलं. बुरुलचा, कालीपा आणि उलान, तिघांनी एकदमच त्यांचा हात धरला.