तात्यांची चूळ

तात्यांचे ओठ जांभळे पडले होते, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि ते मला हाताने खुणावत होते की चप्पल बाहेर काढा.

“मरायला टेकलात आणि चपला कसल्या बघता?” म्हणत मी चपलेसकट आत शिरले आणि त्यांना उठवलं.

हे तात्या, मूळचे साताऱ्याकडचे. कोपरखैरण्याला आमची दारं समोरासमोर. तुर्भ्याच्या बाजारात जन्मभर कांद्याच्या गोण्या वाहिल्या, आता दमा. एकटेच राहतात. काही म्हणजे काही वाया जाऊ द्यायचं नाही. एकाच पावडरीचा दोनदा चहा करतात आणि दुसऱ्या वेळचा मला पाजतात.

डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला. पंप ओढला की चूळ भरून टाकायची, असं बजावलं. मीही दहादा सांगितलं.

“आक्का, औषध घ्यायचं आन् थुकायचं? मी काय खुळा हाय?”

पुढे घसा जळायला लागला. यांनी ठरवलं, पंपच बाधतोय. कुणाला न विचारता बंद केला. आठवड्यात ही दशा.

रिक्षाने दवाखाना गाठला. तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ दिली. श्वास जागेवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून तोंड बघितलं. जिभेवर, टाळ्याला, पार घशापर्यंत दह्यासारखं पांढरं.

“बुरशी आहे, काका. यीस्ट म्हणतात हिला. बऱ्याच जणांच्या तोंडात थोडी असते, पण गप्प असते. पंपाचं औषध घशात राहिलं की तिचं फावतं. चूळ भरत नव्हतात ना?”

तात्यांना राग आला. घोगऱ्या आवाजात म्हणाले, “बुरशी शिळ्या भाकरीला येती. मी रोज आंघोळ करतो.”

बाईंनी बुरशीचं औषध दिलं, पंप पुन्हा चालू करायला लावला. घरी आल्यावर मी पंप त्यांच्या हातात दिला, तांब्या पुढे धरला. त्यांनी पंप ओढला, पाणी तोंडात घेतलं आणि गाल फुगवून बसले. थुंकेनात.

“थुंका तात्या. मला कुकर लावायचाय.”

थुंकले एकदाचे. मग बेसिनकडे बघत राहिले.

“हौसाला बी दमाच हुता. गावाकडं. असला पंप असतो हेच ठाव नव्हतं. मी नुसता वारा घालत बसलो. तिला येक थेंब मिळाला नाय, आन् मी थुकू व्हय?”

हौसा त्यांची बायको. इतक्या वर्षांत हे नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मी तांब्या पुन्हा भरला.

“अजून एकदा,” म्हटलं. त्यांनी चूळ भरली.

तात्या दम्यातून वाचले. हौसा वाचली नव्हती.