रित्या तपेलीचं लचांड

"माझ्या केंद्रातून वस्तू जाईल, येणार नाही!" एस्तेरबाई साळवी छातीवर हात ठेवून सांगत. कल्याणच्या चर्चतर्फे त्या शेणव्याच्या पाड्यावर सेवेला आल्या, ते साल अठ्ठ्याण्णव. गरीब घरांतल्या पोरांसाठी बालवाडी, दुपारची खिचडी आणि बायांसाठी एक शिलाई मशीन, असा केंद्राचा कारभार. चर्चचे चिटणीस बोर्डेसर यांनी निघतानाच बजावलं होतं, "गोरगरिबांकडून सुपारीचं खांड जरी घेतलंत, तरी केंद्राला कुलूप!"

"हात्तिच्या! यात काय अवघड?" बाई म्हणाल्या. माणसानं असं कधी म्हणू नये!

झालं काय, भात झोडून झालं आणि शेजारची धोंडीबाई जर्मनच्या तपेलीत वालाचं बिरडं घेऊन आली. नातू केंद्रात रोज जेवतो, तिला चैन पडेना. "पोरांना घाल गो बाय." बाईंनी नको म्हणताच म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. मग काय, घेतलं! आता तपेली परत द्यायची. कुणाचं भांडं रितं परत देऊ नये, हे बाईंना आईनं लहानपणीच शिकवलेलं. त्यांनी तपेलीत दोन मुठी तूरडाळ घातली. फिटलं!

फिटलं कुठलं! डाळ बघून धोंडीबाईला वाटलं, आपलं बिरडं कमी पडलं. दुसऱ्या दिवशी तपेलीतून नवे तांदूळ आले. बाईंनी साखर घालून पाठवली. मग अंडी आली. समोरच्या मैनेनं हे पाहिलं. ती मागे का राहील? तिनं डालग्यातून कोंबडीच आणली! आता डालगं म्हणजे तरी भांडंच की! ते रितं कसं द्यायचं? बाईंनी वाटपाला आलेला एक स्वेटर घडी करून त्यात ठेवला.

बघता बघता केंद्राची डाळ पाड्यात आणि पाड्याचे भोपळे केंद्रात! कोण कुणाची सेवा करतंय, हेच बाईंना उमजेना. प्रार्थनेला डोळे मिटले की कोंबडी ओरडायची. अशात बोर्डेसरांचा निरोप आला, "शनिवारी येतो."

कुलूप लागलं तर पोरांची खिचडी बंद, आणि आपण पुन्हा कल्याणला सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करायला! शुक्रवारी मन घट्ट करून त्यांनी धोंडीबाईची तपेली घासूनपुसून, रिकामी, तिच्या ओट्यावर ठेवली आणि चोरासारख्या पळाल्या.

थोड्याच वेळात धोंडीबाई दारात! डोळ्यांत पाणी. "बाय, माझं काय चुकलं गो? रितं भांडं धाडलंस? आमी काय वैरी हाव?"

"अहो, तसं नाही, ते उद्या साहेब..."

पण पुढचं ऐकायला म्हातारी थांबते कशाला? पाडाभर बोंब झाली, बाय रुसली!

रुसलेल्या बाईंची समजूत काढायला शनिवारी सकाळी अख्खा पाडा आला. आणि नेमके तेव्हाच बोर्डेसर जीपमधून उतरले! ओटीवर भोपळे, रताळी, कोंबड्या, पाड्यातल्या म्हाताऱ्या चांगोबाबांच्या काखेत करडू, आणि पुन्हा रितं भांडं द्यायला बाई धजावल्या नव्हत्या, म्हणून बाया डाळ नि स्वेटर घेऊन घराकडे निघालेल्या. सरांनी उन्हाची टोपी काढून खिडकीत ठेवली आणि घाम पुसला.

"एस्तेरबाई, दुकान काढलंत?"

"नाही हो सर! मी काही घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण परत केलं. म्हणजे हे नाही, दुसरंच."

"मग हे काय?"

"हे परत केल्याचं परत!"

"कुणी परत केलं?"

"आधी मी, मग त्यांनी, मग..." बाई स्वतःच अडकल्या.

"आणि हे करडू?"

"ते बायच्या रुसव्याचं," चांगोबाबा म्हणाले.

सर चक्रावले. "अहो, मग इथे गरीब कोण आहे?"

"आमीच की सायब! पण म्हून काय हात हलवत यायचं?"

सरांनी खिशातून खरोखरच कुलूप काढलं. बाईंना रडूच फुटलं. "सर, निदान आजची खिचडी तरी पोरांना..."

"नियम म्हणजे नियम! माझी टोपी कुठाय?"

टोपी घेऊन धोंडीबाई पुढे आली. दोन्ही हातांनी. टोपीत फडकं आणि फडक्यात अंडी, काठोकाठ!

"हे काय?"

"टोपी रिती पडली व्हती सायब. रिती कशी देऊ?"

"मला नको!"

"नको?" म्हातारीचं तोंड पुन्हा एवढंसं झालं. अख्खा पाडा सरांकडे बघू लागला. करडूसुद्धा.

सरांनी टोपी घेतली. एका हातात धरली तर अंडी घरंगळू लागली, म्हणून दोन्ही हातांनी धरली. मग कुलूप लावणार कशानं? "हे धरा जरा," म्हणत त्यांनी ते बाईंच्याच हातात दिलं आणि टोपी मांडीवर घेऊन जीपमध्ये जाऊन बसले.

पुढच्या शनिवारी सर पुन्हा हजर! "कुलूप आणू का, सर?" बाईंनी भीतभीत विचारलं.

"कुलूप राहू द्या हो!" सर हळूच म्हणाले. "धोंडीबाईचं फडकं द्यायला आलोय. आमची ही म्हणाली, रिकामं द्याल तर घरात घेणार नाही." फडक्यात नाताळच्या करंज्या बांधलेल्या होत्या! "आता मात्र फिटलं हं! यापुढे देणंघेणं बंद!"

धोंडीबाईनं एक करंजी चाखली, मान डोलावली आणि मुकाट्यानं डालग्याकडे वळली. सरांनी ते पाहिलं मात्र, "चला, चला!" करत त्यांनी धावत जीप गाठली.

जीप वळणाआड गेली, तेव्हा कुठे एस्तेरबाईंचं लक्ष खिडकीकडे गेलं. सर टोपी विसरले होते. आणि तिच्यात काय काय मावेल, याचा अंदाज धोंडीबाई आधीच घेत होती.