सॉकेट बसलं म्हंजी झालं व्हय?

आमच्या नारायणगावात कॉम्प्युटर बिघडला की माणूस बबनआप्पांकडे जातो, आणि आप्पा आधी त्या कॉम्प्युटरचं वय विचारतात. सांगता आलं नाही तर सरळ परत पाठवतात. "दहा वर्षं घरात राबतंय, आन् त्याचा जलम कधीचा ते ठावं न्हाई? घरी इचारून या, पावणं." आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्याला त्यांनी असा दोनदा माघारी धाडला. तिसऱ्या वेळी तो बायकोलाच घेऊन आला. तिला खरेदीची तारीख पाठ होती. मग आप्पा सगळं तिच्याशीच बोलले आणि गॅरेजवाल्याला चहा सांगायला पिटाळलं.

आप्पा पासष्टीचे. आधी विहिरींवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटरकडे वळले. जुनं फेका म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, जिकडेतिकडे मदरबोर्ड. ही अडगळ नव्हे, पेन्शनीत निघालेली मंडळी आहेत, असं ते आल्यागेल्याला सांगतात.

त्यांचा मुलगा संदीप त्यांच्याच हाताखाली शिकला, पण त्याचं म्हणणं उलटं. दुरुस्तीत दिवस घालवू नका, जुनं फेका, नवं विका. यावरून तीन वर्षांपूर्वी बापलेकात जोरात वाजलं. संदीपने मंचरला स्वतःचं दुकान टाकलं, बिऱ्हाडही तिकडेच नेलं. तेव्हापासून अबोला. जीपने अर्ध्या तासाचा रस्ता, पण हट्टीपणात एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

माझं फ्लेक्सचं दुकान आप्पांना लागून. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांवर माझं पोट चालतं. गेल्या वर्षी माझा कॉम्प्युटर इतका रखडायला लागला की वाढदिवस उलटून जायचा आणि पडद्यावर अजून साहेबांचा नुसता गॉगल उमटलेला असायचा. मी अतिशहाणपणा केला. नवा प्रोसेसर मागवला आणि व्हिडिओ बघून स्वतःच बसवला. बसला की टपकन! बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळा तो काळाच. गेलो मुकाट्याने शेजारी.

"सॉकेट बसलं म्हंजी झालं व्हय?" आप्पा म्हणाले. हे त्यांचं पालुपद. मग त्यांनी मला समजावलं. बोर्ड जुना, प्रोसेसर त्याच्यानंतर जन्मलेला. खाचा जुळल्या तरी बोर्डाच्या पोटातल्या प्रोग्रॅमला हा नवा पाहुणा कोण ते माहीत नसतं. ती माहिती भरायची तर बोर्ड आधी चालू व्हायला हवा, आणि तो चालू होणार फक्त ओळखीच्या जुन्या प्रोसेसरवर. "म्हंजी पाठराखीण लागती," आप्पा म्हणाले. पाठराखीण नवरीच्या माहेरची असते, ही तर सासरची निघाली, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण गरज माझी होती. आप्पांनी औषधाच्या डबीतून, कापसात गुंडाळलेला एक जुना प्रोसेसर काढला. तो बसवून माहिती भरली, तो काढून माझा बसवला, आणि साहेब गॉगलसकट पूर्ण उमटले.

गेल्या महिन्यात फ्लेक्स द्यायला मंचरला गेलो, तर संदीप डोक्याला हात लावून बसलेला. एका क्लासने दहा कॉम्प्युटर सांगितले होते. त्याच्या दुकानाची एवढी मोठी ही पहिलीच ऑर्डर. शनिवारी दुपारपर्यंत चालू करून दिले नाहीत तर क्लासवाला दुसरीकडे जाणार होता. स्वस्त पडतात म्हणून संदीपने बोर्ड जुन्या साठ्यातले घेतलेले, प्रोसेसर मात्र नवेकोरे. दहाच्या दहा पडदे काळे. आणि जुना प्रोसेसर म्हणाल तर एक नाही, सगळे भंगारात घातलेले. आप्पांकडे आहे की, मी म्हटलं. दुकान बुडालं तरी बेहत्तर, पण त्यांच्यापुढे हात पसरणार नाही, असं त्याचं उत्तर.

मी येऊन हे आप्पांच्या कानावर घातलं. ते मान वर न करता एका बोर्डाला सोल्डरचा डाग देत राहिले. जुनं फेकतो काय, भोगू दे, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. पोराचा धंदा बुडायला आलाय आणि तुम्हाला तत्त्वं सुचतायत, असं मीही ऐकवलं आणि तडक निघून आलो.

शुक्रवारी सकाळी मी शटर वर करतोय, तोच आप्पा डबी घेऊन उभे. "मंचरला जा. माझं नाव घ्यायचं न्हाई. रस्त्यात घावली म्हनून सांग." जसे काही पुणे-नाशिक रस्त्यावर प्रोसेसर सांडलेले असतात! पण मी निघालो. जीपमध्ये मांडीवर कुणाचं तरी टोमॅटोचं कॅरेट, आणि वरच्या खिशातली डबी मी सगळा रस्ता हाताने दाबून धरलेली.

संदीपने डबी उघडली, बघितली. कुठे मिळाली म्हणून विचारलंच नाही. बाहीने डोळे पुसले आणि कामाला लागला. जुना बसवायचा, माहिती भरायची, जुना काढायचा, नवा बसवायचा, असं एकेका बोर्डाशी. चार वाजेपर्यंत दहाही पडदे उजळले. मी स्वतः मोजले. मग डबी माझ्या हातात देत तो खाली बघून म्हणाला, "आप्पांना सांगा, दोन बोर्डं ऐकत न्हाईत. मला काय जमंना. त्यांनाच यावं लागंल."

मी पडद्यांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि बरं म्हणालो.

नारायणगावला उतरलो तर आप्पा जीपच्या थांब्यावरच. चालली का, म्हणून त्यांनी विचारलं. मी निरोप सांगितला.

"कंची दोन?"

आता आली का पंचाईत! कोपऱ्यातली, मी म्हटलं. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"त्याला जमत न्हाई? धाव्वीत व्हता तवा माझ्या चुका काढायचा त्यो."

आम्ही दुकानापर्यंत चालत आलो. कुलूप काढता काढता, पाठमोरेच, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बारीक झालाय का रं?"

झालाय थोडा, मी म्हटलं, आणि कानाशी केस पांढरे व्हायला लागलेत.

शनिवारी पहिल्याच जीपमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी, आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. हत्यारांची पिशवी कुठे दिसेना. मांडीवर द्राक्षांची पेटी तेवढी होती. मी मुद्दाम खिडकीशी जाऊन विचारलं, की आप्पा, ती दोन बोर्डं कशाने चालू करणार?

"गप की राव," आप्पा म्हणाले, आणि ड्रायव्हरकडे वळले. "घे रं लवकर. पोरगं वाट बघत आसंल."