बनसोडे काकांचे शून्य बेडूक

माझ्या मुलाच्या नोकरीचे पेढे दिले, तर बनसोडे काकांनी अभिनंदनाआधी खोकं तळहातावर तोललं. "वीस ग्रॅम कमी. खोक्याचं वजन धरलंय मिठाईवाल्याने. जाब विचारा." मग पेढा खाल्ला आणि म्हणाले, "बरा आहे."

काका वजनमापे खात्यातून निवृत्त. उभी नोकरी मार्केट यार्डात खोटी वजनं पकडण्यात गेली. आता सगळा जोर आमच्या सोसायटीवर. भाजीवाल्याने तर रस्ताच बदलला. म्हणून हडपसरच्या आमच्या ओढ्यावर बेडूक मोजायला स्वयंसेवक हवेत असा एका निसर्गप्रेमी गटाचा मेसेज आला, तेव्हा काकांचं नाव मीच घातलं. म्हटलं, बेडकांना छळू देत.

काम सोपं. पावसाळ्यात दर रविवारी तिन्हीसांजेला ओढ्याकाठी दहा मिनिटं गप्प बसायचं. अंगठ्याएवढा एक बेडूक आहे, नाहीसा होत चाललेला. त्याची टक्-टक् ऐकू आली तर तक्त्यात आकडा लिहायचा. ओळखीसाठी गटाने तो आवाज मोबाईलवर पाठवलेला. काकांचा फोन बटणांचा, म्हणून जोडीला मी. करावे तसे भरावे!

दोन पावसाळे काकांनी शून्यच लिहिलं. पण काय ते शून्य! कंपासने काढल्यासारखं, खाली सही.

"अहो काका, एखादा लिहा ना अंदाजे."

"सोनं घेता का मॅडम, अंदाजे?"

यंदा गटाने कळवलं, या रविवारीही शून्य आलं तर आपला ओढा मोजणीच्या यादीतून बाद. काका दोन दिवस कुणाशी भांडले नाहीत. मला खरंच काळजी वाटली.

रविवारी मी काहीतरी निमित्त काढून झुडपामागे गेले आणि मोबाईलवर तो आवाज लावला. टक्-टक्. टक्-टक्. डोकावले, तर काका ताठ बसलेले, डोळे मिटलेले. म्हटलं, जिंकलं!

"मॅडम, या बाहेर."

"काय झालं?"

"दर टक्-टकीत तेवढंच अंतर. जिवंत प्राणी इतकं मोजून बोलत नाही हो."

मी बाहेर आले. काकांनी तक्त्यात शून्य काढलं, सही केली, पेन खिशाला लावलं. आता आपली खैर नाही, असं मला वाटलं. पण ते ओल्या दगडावर सरकले, मला जागा केली.

"दोन वर्षं वाट बघतोय त्याची," ओढ्याकडे बघत म्हणाले. "परत लावा जरा. लिहायचं नाहीये. नुसतं ऐकू."

मी लावलं. चार वेळा लावलं. मेले डास फोडून खात होते, पण उठवेना.